लिंबू पिळलेला साबण

नाशिकमध्ये रविवारी सकाळी पांढरा सदरा घालून मिसळ खायला जाणं हा अविचार आहे, आणि मी तो दर दोन-तीन महिन्यांनी करतो. या खेपेला तर्रीचा थेंब बरोबर खिशाखाली पडला. घरी येऊन गुपचूप मोरीत शिरलो, डागावर साबणाची वडी घासली, तर पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. बायकोने दारातून पाहिलं आणि विचारलं, "मिसळीसाठी मारामारी करावी लागली का?"

अकरावीतली कन्या मदतीला धावली. "बाबा, ती हळद आहे. साबण आम्लारिधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट, म्हणून लाल झाली. लिंबू पिळा, परत पिवळी होईल."

पिळलं. झाली! पन्नाशीच्या माणसाला एवढं यश एकदम मिळू नये. डोकं चालू लागतं.

थंडीचे दिवस होते. निफाडचा पारा रोज पेपरात येत होता आणि माझ्या हातांना भेगा पडल्या होत्या. कन्येकडून कळलं की पीएच म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा, सातच्या खाली आंबट, वर आम्लारिधर्मी. त्वचेचा पीएच पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आंबट. आणि साध्या साबणाचा नऊ-दहा. मग साबणातच लिंबू पिळलं तर? हात मऊ राहतील, आणि आंबटाने जंतूही मरतील. लोणचं टिकतं ते उगीच का?

न्हाणीघरात उरलेल्या सगळ्या वड्यांच्या चिपट्या गोळा केल्या, गरम पाण्यात विरघळवल्या आणि चार लिंबं पिळली. पातेल्यात पांढऱ्या गुठळ्या तरंगू लागल्या.

"दूध नासलं का?" बायको.

"नवीन हँडवॉश आहे," मी म्हणालो आणि ते गाळून-बिळून बाटलीत भरून बेसिनवर ठेवलं. फेस येत नव्हता. पण फेस म्हणजे नुसता देखावा, अशी मी स्वतःची समजूत घातली.

संध्याकाळी निफाडहून मामा आले. द्राक्षबागायतदार. जेवायला बसण्याआधी हात धुवायला गेले आणि बराच वेळ परत येईनात. आले ते हात पुढे धरूनच. "अरे, धुवायच्या आधी बरे होते. आता तूप लावल्यासारखे झालेत."

मामांच्या खिशात तंबाखूची पुडी नसेल एक वेळ, पण पीएचची पट्टी असते. औषध फवारायच्या आधी पाण्याचा पीएच बघावा लागतो, पाणी फार आम्लारिधर्मी असलं तर महागडं औषध टाकीतच निकामी होतं. (ही पीएचची मोजणी १९०९ साली सोरेनसन नावाच्या शास्त्रज्ञाने कोपनहेगनमधल्या एका बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत बसून काढली. द्राक्षांच्या गावाला ती परकी वाटू नये, हे योग्यच.) मामांनी पट्टी बाटलीत बुडवली, रंग जुळवला आणि मान हलवली. "फवारणीला आम्ही सहापर्यंत आणतो. तू पार लोणच्यापर्यंत गेलास."

मग कन्येने जेवता जेवता माझी शिकवणी घेतली. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याचं आणि एक तेलाचं. तेलाचं टोक मळात घुसतं, पाण्याचं टोक त्याला ओढून बाहेर काढतं. आम्ल पडलं की पाण्याच्या टोकाचं पाण्याशी जमेनासं होतं आणि उरतं ते नुसतं मेदाम्ल, चिकट, तरंगणारं. म्हणजे चार लिंबं खर्चून मी साबणाचा साबणपणाच काढून घेतला होता.

"मग खार, म्हणजे तुमची ती आम्लारी, वाढवला तर जंतू जास्त मरतील?" मामांनी शेतकऱ्याला शोभेलसा प्रश्न विचारला.

"नाही ना, आजोबा. पटकीचे जंतू तर प्रयोगशाळेत मुद्दाम साडेआठ पीएचच्या आसपासच्या आम्लारिधर्मी रसात वाढवतात. नुसत्या खाराने झटपट मारायचे, तर खार इतका कडक लागेल की जंतूंच्या आधी हात जाईल."

साबण बहुतेक जंतूंना मारतच नाही म्हणे. तेलकट मळासकट सोडवतो आणि पाण्याबरोबर बाहेर घालवतो. कोरोनासारख्या विषाणूंचं स्निग्ध कवच मात्र तो फोडतो. या कामाला वीस सेकंद चोळणं लागतं, जे मी आयुष्यात केलेलं नाही. आणि 'जंतुनाशक' छापलेल्या महाग वडीचं काय? २०१६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ट्रायक्लोसानसकट एकोणीस रसायनांना अशा साबणांतून हाकललं, कारण ती साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस आहेत, हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. हे ऐकून बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की ती वडी मी आणतो हे मामांनाही कळलं.

भेगांवर इलाज मामांनीच सांगितला. हात धुतले की पुसून खोबरेल लावायचं. सदऱ्याचं मात्र अवघड झालं. साबण लागला की डाग लाल, लिंबू लागलं की पिवळा. दोन दिवस मी सिग्नलसारखे रंग बदलत बसलो. शेवटी बायकोने तो धुऊन गच्चीवर कडक उन्हात टाकला आणि हळद उडाली. हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. मी विचारलं नव्हतं.

राहिली बाटली. ती मी सगळे झोपल्यावर बेसिनमध्ये ओतून टाकली.

चौथ्या दिवशी पाणी तुंबलं. प्लंबरने खालचा पाइप सोडवला, पांढरा गोळा बाहेर काढून वास घेतला आणि म्हणाला, "काका, बेसिनमध्ये पनीर कोणी टाकलं?"

बायको शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "मामा आले होते."