‘बग कळवून काही होत नाही, सरळ फॉरमॅट मारा’ हे का खरं नाही

गेले काही दिवस लिनक्सबद्दलचा एक मजकूर सगळीकडे फिरतोय. लिहिणाऱ्याचा लॅपटॉप अपडेटनंतर बिघडला, त्यानं बग (प्रोग्राममधला दोष) कळवला, उत्तर आलं नाही आणि काही आठवड्यांनी रिपोर्ट आपोआप बंद झाला. त्यावरून त्यानं सहा मुद्दे मांडलेत. कळवलेले बग कोणी वाचत नाही. तुम्ही प्रोग्रामर नसाल तर तुमच्या रिपोर्टला किंमत नाही. किरकोळ गोष्टी कळवून लोकांचा वेळ घेऊ नये. डिस्ट्रोवाले (उबंटू, डेबियन, फेडोरा, आर्च अशी लिनक्सची तयार रूपं देणारे) फक्त पॅकेज बांधतात, तेव्हा कळवायचंच असेल तर मूळ प्रकल्पाला, म्हणजे तो प्रोग्राम लिहिणाऱ्यांना कळवा. रिपोर्ट वर्षानुवर्षं पडून राहतात. आणि म्हणून, काही बिघडलं की सरळ फॉरमॅट मारून पुन्हा इन्स्टॉल करा.

त्याचा वैताग खरा आहे, आणि मलाही तो अनेकदा आलाय. पण नुकताच लिनक्सवर आलेला माणूस हे वाचून जे शिकेल त्यानं त्याचंच नुकसान होईल. सुरुवात शेवटच्या सल्ल्यापासून करतो, कारण सगळ्यात घातक तोच आहे.

‘बिघडलं की फॉरमॅट मारा’

फॉरमॅट मारला की पहिल्यांदा पुरावा जातो. काय बिघडलं, कधी बिघडलं, त्याआधी कोणतं पॅकेज बदललं, हे सगळं त्या डिस्कवरच लिहिलेलं असतं. शिवाय इन्स्टॉल झाल्यावर तुम्ही अपडेट करणारच. दोष नव्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) असेल तर तासाभरात तोच कर्नल परत येईल. दोष तुमच्या होम फोल्डरमधल्या एखाद्या सेटिंगच्या फाइलमध्ये असेल आणि ते फोल्डर तुम्ही जपून परत आणलं असेल, तर दोषही सोबत परत येईल.

माझ्याच लॅपटॉपचं सांगतो. एका अपडेटनंतर झाकण मिटलं की तो झोपायचा आणि मग उठायचाच नाही. पंखा फिरतोय, स्क्रीन काळी, कॅप्स लॉकचा दिवासुद्धा लागत नाही. पॉवरचं बटण दाबून धरून बंद केला, पुन्हा चालू केला आणि जर्नलसीटीएल या सिस्टिमच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडकडे मागच्या बूटचा लॉग मागितला. त्यासाठी कमांडपुढे ‘-बी -१’ लावायचं असतं. लॉगची शेवटची ओळ होती ‘पीएम: सस्पेंड एंट्री’. त्यापुढे काहीच नाही. मशीन नीट उठलं तर त्याच लॉगमध्ये पुढे ‘पीएम: सस्पेंड एक्झिट’ अशी ओळ येते. मग ग्रबच्या (मशीन चालू होताना येणाऱ्या) मेनूतून आधीचा कर्नल निवडला. तीनदा झाकण मिटलं, तीनदा लॅपटॉप उठला. पुन्हा नव्या कर्नलवर आलो, तीनदा मिटलं, तिन्ही वेळा अडकला.

या सगळ्याला अर्धा तास लागला असेल. रिपोर्टमध्ये लिहिलं ते इतकंच: दोन्ही कर्नलचे पूर्ण आवृत्ती क्रमांक, लॅपटॉपचं मॉडेल, ग्राफिक्स कार्ड आणि लॉगचे दोन तुकडे, एक उठलेला आणि एक अडकलेला. मेंटेनरनं (पॅकेज सांभाळणाऱ्यानं) मधल्या दोन आवृत्त्या लावून बघायला सांगितल्या. पहिलीवर चाललं, दुसरीवर अडकलं. शोधायचा पट्टा तिथेच आखडला, आणि ग्राफिक्स ड्रायव्हरमधला एक बदल त्यांच्या हाती लागला. पुढच्या एका अपडेटमध्ये दुरुस्ती आली. मी कोडची एक ओळही वाचली नव्हती.

जुनी पॅकेजेस कुठून आणायची, असा प्रश्न पडेल. डेबियनचं स्नॅपशॉट नावाचं भांडार याचसाठी आहे, आर्चचं स्वतःचं आर्काइव्ह आहे, फेडोराची जुनी पॅकेजेस कोजीवर मिळतात. चांगली आणि वाईट आवृत्ती हाताशी असली की मधोमध कापत जायचं, निम्मं टाकून द्यायचं. गिट या कोडमधले बदल सांभाळणाऱ्या साधनात हेच काम ‘बायसेक्ट’ करतं. कर्नलच्या एका आवृत्तीत साधारण १३-१४ हजार बदल असतात, तरीही १४ पायऱ्यांत दोषी बदल सापडतो. एक आधीच बघून ठेवा. तुमच्याकडे ‘व्हार/लॉग/जर्नल’ हे फोल्डर नसेल तर लॉग बहुधा फक्त मेमरीत राहतो आणि रीबूटबरोबर पुसला जातो. ते फोल्डर करून ठेवलं की पुढच्या वेळी लॉग सापडेल.

फॉरमॅटचा विचार मनात आलाच तर आधी दोन गोष्टी करा. एक नवा युजर तयार करून त्यातून लॉगिन करा. तिथे सगळं ठीक चाललं तर दोष तुमच्या सेटिंगच्या फाइलींत आहे, सिस्टिममध्ये नाही. आणि लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे काही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच, बूट करून बघा. तिथेही तोच त्रास झाला तर पुन्हा इन्स्टॉल करून फरक पडण्याची शक्यता फार कमी.

‘कोणी वाचतच नाही’

फिरणाऱ्या मजकुरात त्यानं आपला रिपोर्टही दिलाय. पूर्ण रिपोर्ट असा: ‘अपडेटनंतर लॅपटॉप नीट चालत नाही. कृपया लवकर सोडवा.’ हा वाचला गेला असेलच. पण वाचणाऱ्यानं पुढे काय करायचं? कोणता अपडेट, कोणतं पॅकेज, ‘नीट चालत नाही’ म्हणजे हँग होतो, मंद होतो की बंद पडतो, यातलं काहीच त्यात नाही.

आपोआप बंद होण्यामागेही ठरलेले नियम आहेत. उबंटूच्या लाँचपॅड या बग नोंदवायच्या साइटवर कोणी तुम्हाला जादा माहिती विचारून रिपोर्ट ‘अपूर्ण’ या स्थितीत टाकला आणि ६० दिवसांत काही हालचाल झाली नाही, तर तो मुदत संपून बंद होऊ शकतो. फेडोराची प्रत्येक आवृत्ती सुमारे १३ महिने सांभाळली जाते. ती मुदत संपली की त्या आवृत्तीवरचे उघडे रिपोर्ट बंद होतात, आणि दोष नव्या आवृत्तीतही असेल तर तुम्ही तसं सांगून तो पुढे न्यायचा असतो. हे नियम नव्या माणसाला कोणी समजावून सांगत नाही, आणि ती तक्रार मला पूर्ण मान्य आहे. पण इनबॉक्समध्ये आलेला प्रश्न न वाचता राहून जाणं आणि समोरच्यानं रिपोर्टच न वाचणं, यात फरक आहे.

डेबियनमध्ये तर रिपोर्टवर आख्खं प्रकाशन अडतं. तिथे ‘क्रिटिकल’, ‘ग्रेव्ह’ आणि ‘सीरियस’ या तीन दर्जांचे बग प्रकाशन रोखणारे धरले जातात. अशा बगकडे मेंटेनरनं लक्ष दिलं नाही तर ते पॅकेज पुढच्या आवृत्तीच्या तयारीतून बहुधा आपोआप काढलं जातं. कोणी वाचत नसतं तर ही यंत्रणा चाललीच नसती.

‘प्रोग्रामर नसाल तर किंमत नाही’

याला माझं आवडतं उत्तर म्हणजे मंगळवारचा बग. २००८-०९ च्या सुमारास उबंटू वापरणाऱ्या एका माणसाच्या बायकोनं त्याला सांगितलं की ओपनऑफिसमधून मंगळवारी प्रिंट निघत नाही. इतर दिवशी निघते, मंगळवारी नाही. ऐकणाऱ्या कोणालाही हा योगायोगच वाटेल. पण ते शब्दशः खरं निघालं.

प्रिंट होण्याआधी सिस्टिम ‘फाइल’ नावाच्या एका छोट्या प्रोग्रामला विचारायची की ही फाइल कोणत्या प्रकारची आहे. तो प्रोग्राम फाइलच्या सुरुवातीचे बाइट एका यादीशी ताडून बघतो. एर्लँग भाषेच्या एका जुन्या फाइल प्रकाराची ओळख म्हणून त्या यादीत एक पूर्ण तारीख लिहिलेली होती, २२ जानेवारी १९९१, आणि तो मंगळवार होता. यादी लिहिताना मधल्या मोकळ्या जागा नीट लिहिल्या गेल्या नव्हत्या, त्यामुळे ताडून बघितली जायची ती फक्त पहिली तीन अक्षरं, ‘ट्यूजडे’मधली टी, यू, ई. मंगळवारी तयार झालेल्या प्रिंटच्या फाइलमध्ये नेमक्या त्याच जागी वाराची ती तीन अक्षरं यायची. ‘फाइल’ म्हणायचा, ही पोस्टस्क्रिप्ट (प्रिंटसाठीची फाइल) नाही, ही एर्लँगची फाइल आहे, आणि प्रिंट तिथेच अडायची.

ओपनऑफिसमध्ये दोष नव्हता, प्रिंटरमध्ये नव्हता, ड्रायव्हरमध्येही नव्हता. कितीही कोड वाचला असता तरी कुठून सुरुवात करायची हे कोणाला कळलं नसतं. उकल झाली ती वार लक्षात ठेवणाऱ्या एका बाईच्या निरीक्षणामुळे. कधी होतं आणि कधी होत नाही, हे सांगणं रिपोर्टचा प्राण आहे, आणि त्यासाठी प्रोग्रामिंग यावं लागत नाही.

तांत्रिक तपशील गोळा करायला तर साधनंच दिलेली आहेत. डेबियनवर ‘रिपोर्टबग’ आणि उबंटूवर ‘उबंटू-बग’ ही कमांड पॅकेजच्या नावासह चालवली की आवृत्ती आणि अवलंबून असलेली पॅकेजेस ती स्वतः भरते. प्रोग्राम क्रॅश होत असेल तर फेडोरावर क्रॅश टिपणारं एबीआरटी आहे, आणि सिस्टमडी (सिस्टिम सुरू करून सांभाळणारा प्रोग्राम) असलेल्या बहुतेक ठिकाणी ‘कोअरडंपसीटीएल’ क्रॅशची नोंद दाखवतं. फक्त पाठवण्याआधी ते सगळं एकदा डोळ्यांखालून घाला. लॉगमध्ये तुमचं युजरनेम, वायफायचं नाव, फाइलींचे मार्ग असू शकतात. बहुतेक रिपोर्ट जाहीर असतात, आणि डेबियनकडे ईमेलनं गेलेला मजकूर कायम तिथेच राहतो.

‘किरकोळ गोष्टी कळवू नका’

मार्च २०२४ मध्ये पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचे डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड डेबियनच्या अस्थिर शाखेवर काही मोजमाप करत होते. एसएसएचचं (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे जायचं) लॉगिन उगाच जास्त प्रोसेसर खातंय, असं त्यांच्या लक्षात आलं. मोजलं तर ज्याला ०.२९९ सेकंद लागायचे त्याला ०.८०७ सेकंद लागत होते. अर्ध्या सेकंदाचा उशीर. त्याचा माग काढत ते एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीपाशी पोचले. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी मुद्दाम मागचं दार (गुपचूप आत शिरायची वाट) बसवलेलं होतं. २९ मार्चला ते जाहीर झालं, तेव्हा त्या आवृत्त्या डेबियन आणि फेडोराच्या चाचणीच्या शाखांपर्यंत पोचल्या होत्या. स्थिर शाखांमध्ये त्या अजून गेल्या नव्हत्या, म्हणून बहुतेकांचे सर्व्हर वाचले.

फ्रॉइंड निष्णात आहेत, आणि पुढचा माग काढणं बहुतेकांच्या आवाक्यातलं नव्हतं. पण पहिली खूण ‘लॉगिन जरा हळू झालंय’ एवढीच होती. ती कोणालाही जाणवू शकते.

किरकोळ दोषांसाठी वेगळी सोयही आहे. डेबियनमध्ये ‘मायनर’ आणि ‘विशलिस्ट’ हे दर्जे आहेतच. आणि तुमचाच दोष आधी कोणी कळवला असेल तर लाँचपॅडवर ‘मलाही हा त्रास होतो’ असं नोंदवा. दुसऱ्या माणसानं नोंदवलं की नवा रिपोर्ट आपोआप ‘कन्फर्म्ड’ होतो.

‘डिस्ट्रोला नको, मूळ प्रकल्पाला कळवा’

कधीकधी हा सल्ला बरोबर असतो. फ्लॅटपॅकनं (डिस्ट्रोबाहेरून प्रोग्राम आणायच्या सोयीनं) आणलेला किंवा त्रयस्थ भांडारातून घेतलेला प्रोग्राम बिघडला तर डिस्ट्रोचा मेंटेनर काही करू शकत नाही. डेबियन-उबंटूवर ‘एपीटी पॉलिसी’ आणि पॅकेजचं नाव लिहिलं की ते कुठून आलंय ते दिसतं. कळवण्याआधी एवढं जरूर बघा.

पण डिस्ट्रो फक्त पॅकेज बांधते, हे चूक आहे. ती स्वतःचे बदलही करते, आणि दोष त्या बदलांतही असू शकतो. २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या पॅकेजमधून काही ओळी काढल्या गेल्या, कारण मेमरी तपासणारं एक साधन त्यांवर इशारा देत होतं. त्यामुळे यादृच्छिक संख्यांचा स्रोतच आटला. एका प्रकारच्या मशीनवर एका प्रकारच्या आणि लांबीच्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या कितीही बनवल्या तरी त्या जेमतेम ३२,७६७ शक्यतांपैकीच एक निघू लागल्या. मे २००८ मध्ये हे उघड झालं आणि डेबियन-उबंटू वापरणाऱ्यांना किल्ल्या बदलत बसावं लागलं. मूळ ओपनएसएसएलमध्ये तो दोष नव्हताच. मूळ प्रकल्पाच्या कोडमध्ये शोधणाऱ्याला तो कधी सापडला नसता.

एक्सझेडच्या वेळी तर मूळ प्रकल्पाला कळवणं धोक्याचं होतं, कारण मागचं दार बसवणाऱ्याच्याच हातात प्रकल्पाचा कारभार होता. फ्रॉइंड यांना आधी हा डेबियनचाच दोष वाटला, म्हणून त्यांनी पहिलं पत्र डेबियनच्या सुरक्षा गटाला पाठवलं, तेही खासगीत. सुरक्षेचा संशय असेल तर तुम्हीही तेच करा, जाहीर रिपोर्ट टाकू नका.

‘वर्षानुवर्षं पडून राहतात’

हो, राहतात. डेबियनमधल्या बगचे क्रमांक २०२१ मध्येच १० लाखांच्या पुढे गेले, आणि ते हाताळणारे डेव्हलपर आहेत हजाराच्या आसपास, बहुतेक जण आपल्या फावल्या वेळात. काही पॅकेजेसना सांभाळणारा माणूसच उरलेला नाही. काही दोष अशा हार्डवेअरवर दिसतात जे मेंटेनरकडे नाहीच, आणि जे समोर दिसत नाही ते दुरुस्त करणं अवघड असतं.

पण पडून असलेला रिपोर्टही सापडतो. तीन वर्षांनी तोच एरर शोधणारा माणूस तिथे येतो, त्याला आपण एकटे नाही हे कळतं, आणि अनेकदा खाली कोणीतरी तात्पुरता उपाय लिहून ठेवलेला असतो. मी स्वतः असे कितीतरी उपाय वापरलेत.

माझाही एक रिपोर्ट अजून उघडा आहे. हेडफोन काढून पुन्हा लावला की डाव्या कानातला आवाज जातो. दर नव्या आवृत्तीला मी हेडफोन काढतो, लावतो, ऐकतो आणि खाली एक ओळ टाकतो: आवृत्ती क्रमांक, तारीख, ‘अजून आहे’. मागच्या वेळी त्या ओळीखाली आणखी एकाची ओळ आली. त्याच्याकडे वेगळ्या मॉडेलचा लॅपटॉप आहे, पण साउंड चिप तीच. आता निदान दोष चिपशी जोडलेला आहे असं दिसतंय, आणि मेंटेनरनं आम्हा दोघांकडे अल्साच्या (लिनक्सच्या आवाजाच्या यंत्रणेच्या) माहितीची फाइल मागितली आहे. माझी मी काल पाठवली.