घरातलं घरात राहू द्या म्हणे

परवा फॅमिली ग्रुपवर परत तेच. कुठल्याशा नव्या कादंबरीत दोन बहिणी, आईने लपवलेलं जुनं प्रकरण आणि धाकटीचं परजातीतल्या मुलावरचं प्रेम आहे, त्यावर मामा लिहितात, "हल्लीच्या बायकांना घरातलं चव्हाट्यावर आणायची हौस." हल्लीच्या? 'कळ्यांचे निःश्वास' 1933 चं आहे! त्या कथांसाठीसुद्धा बाळूताई खऱ्यांना विभावरी शिरूरकर हे टोपणनाव घ्यावं लागलं आणि लोक गोष्टींचं सोडून ही बाई कोण तेच शोधत बसले.

मी इथे जपानात रोज हांक्यू रेल्वेने आशियागावा स्टेशनवरून जाते. तानिझाकी या जपानी लेखकाच्या 'सासामेयुकी' या बहिणींवरच्या कादंबरीतलं दुसऱ्या बहिणीचं घर इथल्याच आशिया नावाच्या शहरात. 1943 मध्ये ती मासिकात सुरू झाली, युद्धाच्या दिवसांत हे कसले बायकी लाड म्हणून लष्कराने बंद पाडली, तरी तो लिहीत राहिला. त्यात ताएको, सगळ्यात धाकटी, प्रियकराबरोबर पळून जाते आणि पेपरात चुकून तिच्या मोठ्या बहिणीचं, युकिकोचं नाव छापून येतं. थोरल्या बहिणीचा नवरा अब्रू वाचवायला दुरुस्ती मागतो, पेपरवाले ती छापतात, ताएकोच्या नावासकट. झाकायला गेले आणि दोघींचीही गेली. मामा, हे वाचा ना!

शेजारच्या जपानी आजींकडे 'सासामेयुकी'चे तिन्ही भाग दर्शनी कपाटात आहेत, कुणी म्हणत नाही जपानी घरांची बदनामी झाली म्हणून. आता इथेही घरातलं कुणी बोलत नाही, आजींची मुलगी का येत नाही हे मीही कधी विचारलेलं नाही, पण निदान पुस्तकावर राग काढत नाहीत.

एवढं सगळं ग्रुपवर टाईप केलं आणि पुसलं. कारण मामांना नेमकं काय टोचलं ते मला माहितीये. आईच्या अल्बममधला एक फोटो कडेने कात्रीने कापलाय, आईच्या खांद्यावर फक्त चार बोटं उरलीत. ती बोटं धाकट्या मावशीची, हे मला कळलं तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते.

आजींना मी हे पहिल्याच हिवाळ्यात कोतात्सूत, म्हणजे पांघरूण घातलेल्या गरम टेबलाखाली पाय घालून बसून, सांगून टाकलं, मोडक्यातोडक्या जपानीत. मराठीत मावशीचं नाव आजवर एकदाही लिहिलेलं नाही. इथे मी धीट आहे कारण इथे ती कुणाचीच कुणी लागत नाही. मामांची तर ती सख्खी बहीण.

मामा, डिसेंबरात येतेय. ती कादंबरी घेऊन येईन, तुम्ही अल्बम तेवढा माळ्यावरून काढून ठेवा.