सोळा डब्यांची आगगाडी

रात्री पावणेबाराला फोन वाजला तर आता आमच्या घरी कोणी दचकत नाही. बायको कूस बदलत म्हणते, "घे, तुझ्या ज्ञानकोशातलं कोणीतरी असणार." मागे आमच्या एका लेखात एका गृहस्थांच्या नावामागे चुकून ‘कै.’ लागलं होतं आणि त्यांनी स्वतः फोन करून अगदी शांतपणे विचारलं होतं, याला आधार काय? तेव्हापासून मी फोन उचलतोच.

ह्या वेळी काका होते. "झोपला नाहीस ना? मला सांग, डबे किती?"

तर झालं असं की तीन वर्षांपूर्वी मासुंदा तलावाच्या काठावर भेळ खाताना आम्हा चौघांना वाटलं की ठाण्याचा एक ऑनलाइन ज्ञानकोश पाहिजे, मराठीतून, फुकट, पण कोणीही येऊन काहीही खरडून जावं असा नाही, प्रत्येक लेख दोन जाणकारांनी तपासल्याशिवाय वर चढवायचा नाही. पिअर रिव्ह्यू! हा शब्द मीच काढला. भेळवाल्याने तेव्हाच माझ्या तोंडात हिरवी मिरची कोंबायला हवी होती. डोमेन माझ्या नावावर, सर्व्हरचे पैसे मी भरतो, पासवर्ड माझ्याकडे, म्हणजे लग्नात सगळे जेवून गेल्यावर मांडववाल्याचा हिशोब मिटवत बसलेला जो एक माणूस असतो ना, तो मी.

लिहायला आम्ही चौघं. त्यातला एक पुण्याला गेला, एकाला जुळं झालं. तपासायला मात्र अख्खं ठाणं तयार. "नौपाड्यावर जरा लिहून द्या ना" म्हटलं की माणूस एकदम गुडघेदुखीवर येतो, आणि त्याच माणसाला "लिहिलंय, फक्त नजर टाका" म्हणा, लगेच चष्मा पुसायला लागतो.

आमचे मुख्य रिव्ह्यूअर दोन. एक हे काका, बँकेतून रिटायर, पस्तीस वर्षं ठाणे–व्हीटी लोकलने गेलेले, कुठलाही आकडा दिसला की तीनदा टिक केल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. दुसऱ्या माझ्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई. त्या माझ्या लेखाचं प्रिंटआउट काढून आणतात, लाल पेनाने शेरे मारतात, त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, आणि तो फोटो आडवा असतो. मान वाकडी करून "ऱ्हस्व-दीर्घ!!" वाचताना मी परत सातवी ब मध्ये जातो.

तलावांचा लेख आठ महिने बाईंकडे आहे. ‘ठाणे हे तलावांचं शहर म्हणून ओळखलं जातं’ एवढं पास झालं. पुढचं वाक्य ‘शहरात एकूण इतके तलाव आहेत’, तिथे गाडी जी अडली ती अडलीच. बुजवलेले मोजायचे का? अर्धे बुजवलेले? मासुंदा आणि तलावपाळी एकच, की तलावपाळी म्हणजे नुसता काठ? ह्यावर दोन रविवार गेले, मग कोणीतरी सुचवलं की तिसरी मीटिंग कोपिनेश्वराच्या आवारात घेऊ, देवासमोर तरी लोक हळू बोलतील. बोलले नाहीत.

मला ह्या सगळ्यात न्यूपीडियाची फार आठवण येते. विकिपीडियाच्या आधी, मार्च २००० मध्ये, जिमी वेल्स आणि लॅरी सँगर ह्यांनी हाच उद्योग करून बघितला होता. स्वयंसेवकांनी लिहायचं, तज्ज्ञांनी तपासायचं, जगाने फुकट वाचायचं. लेख पास व्हायला सात पायऱ्या! आधी विषय कोणाला द्यायचा ते ठरवा, मग मुख्य समीक्षक शोधा, त्याने तपासायचं, मग बाकीच्यांनी तपासायचं, मग भाषा साफ करणाऱ्यांच्या परत दोन फेऱ्या, मग शेवटची मंजुरी. आमच्या सोसायटीत गच्चीचं वॉटरप्रूफिंगसुद्धा ह्याहून कमी सह्यांत होतं. सप्टेंबर २००३ मध्ये ते बंद पडलं तेव्हा सगळ्या पायऱ्या चढून वर पोचलेले लेख होते २५च्या आसपास. आणि न्यूपीडियाला कच्चा माल मिळावा म्हणून १५ जानेवारी २००१ला शेजारी जी ‘या, लिहा, खोडा’ छाप विकी टाकली होती, तिचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये. म्हणजे वेटिंग रूम वाढत गेली आणि स्टेशन बंद पडलं.

मी हे सगळं मीटिंगमध्ये घसा फोडून सांगितलं, म्हटलं आपणही जरा सैल सोडूया. काका म्हणाले, "ते २५ बरोबर होते ना पण?" आमचे तेव्हा अकरा होते. बाई म्हणाल्या, "केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. त्यांच्याकडे वायफाय होतं का रे?" मी खाली बसलो.

तर डबे. पहिल्या आगगाडीचा लेख मी मोठ्या हौसेने घेतला होता, कारण म्हटलं ह्यात वाद घालायला काही जागाच नाही, १६ एप्रिल १८५३, शनिवार, दुपारी साडेतीनला बोरीबंदरहून सुटली, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, शेवटचं स्टेशन आपलं ठाणं. पहिली ठेच वेळेला लागली. कुठे ५७ मिनिटं दिलंय, कुठे सव्वा तास. काका म्हणाले, सव्वा तासच.

"आधार, काका?"

"आधार काय आधार! पस्तीस वर्षं जाऊन आलोय. मधे विक्रोळीला थांबवतातच."

दुसरी ठेच माझी मलाच लागली. डबे १४ होते, मी टाइप करताना तारखेतले १६ डोक्यात घोळत होते म्हणून सोळा टाकले. कच्चाच लेख, रिव्ह्यूला ठेवलेला, पण आमच्यातल्याच कोणीतरी तो उचलून फॅमिली ग्रुपवर टाकला, तिथून तो निघाला, वाटेत त्याला तिरंगा लागला, तीन हात जोडलेले लागले, शेवटी ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’ लागलं. मी आपला दोन दिवसांनी गुपचूप चूक सुधारून १४ केले. आणि तिसऱ्या दिवशी हा पावणेबाराचा फोन.

"तू १४ लिहिलंयस," काका म्हणाले, "सगळीकडे तर सोळा आहे. मला पाच ठिकाणाहून आलंय."

"काका, ते मीच लिहिलं होतं. चुकून."

"पाच ठिकाणी?"

आता ह्या माणसाला काय सांगणार. माझीच चूक गावभर फिरून, हार घालून, पुरावा म्हणून माझ्याच दारात उभी. तीन आठवडे लेख अडकला. शेवटी एका जुन्या पुस्तकाच्या पानाचा फोटो दाखवला तेव्हा काकांनी १४ वर टिक केलं, तेही पेन्सिलने.

मागच्या रविवारी ठाणे स्टेशनचा लेख काढला. पहिलंच वाक्य, प्लॅटफॉर्म किती? काका म्हणाले दहा, मी म्हटलं ‘१० अ’ वेगळा मोजायचा का? काका उठलेच. "चल, मोजून येऊ." बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की स्वतः बघितलेलं कोशात चालत नाही, छापील आधार लागतो, पण काकांना थांबवणार कोण. पुलावरून उतरलो, वहीत एकेक प्लॅटफॉर्म टिक करत नेरूळ-पनवेलच्या गाड्या सुटतात त्या टोकाला पोचलो आणि तिथे टीसीने हात पुढे केला.

पस्तीस वर्षं खिशात पास असलेल्या माणसाला तिकीट काढायचं सुचतच नाही, आणि मी त्यांच्या मागून चालत होतो. दोघांचा दंड मी भरला, मांडववाला मीच. टीसी पावती फाडायला लागला तसे काका पुढे झुकले.

"साहेब, एक विनंती होती," ते म्हणाले, "पावतीवर ‘प्लॅटफॉर्म १० अ’ असं स्पष्ट अक्षरात लिहाल का? आणि खाली शिक्का पण मारा."