‘३३८९ उघडा’ सांगणाऱ्या मेसेजमध्ये काय चुकलंय

सोलापुरात व्यापारी आणि अकाउंटवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: "दुकानातला कॉम्प्युटर बाहेरगावाहून चालवायचाय? राउटरमध्ये ३३८९ पोर्ट फॉरवर्ड करा, फायरवॉल बंद करा. जमलं नाही तर डीएमझेड लावा. तरीही नाही झालं तर राउटर खराब आहे, बदला." ३३८९ हा विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवण्याच्या सोयीचा, पोर्ट म्हणजे दार-क्रमांक. पोर्ट फॉरवर्ड करणं म्हणजे त्या दारावर बाहेरून आलेली विनंती आतल्या मशीनकडे पाठवायला राउटरला सांगणं. डीएमझेड म्हणजे बाहेरून येणाऱ्या सगळ्याच विनंत्या एका मशीनकडे सोडणं, आणि फायरवॉल म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारा पहारेकरी. चाटी गल्लीतल्या दुकानाची टॅली पुण्यात बसून बघायची, ही गरज खरी आहे. म्हणूनच हा सल्ला घातक आहे.

पहिला मुद्दा, "राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा". पण कोणत्या राउटरमध्ये? खाली दुकानात फायबरवाल्याने बसवलेला डबा असतो आणि वर घरात रेंज येत नाही म्हणून आपण आणलेला दुसरा राउटर. कॉम्प्युटर दुसऱ्यावर, आणि आपण पोर्टही दुसऱ्यातच उघडतो. बाहेरून आलेली विनंती मात्र पहिल्याच डब्यावर अडते, कारण ती पुढे कुठे पाठवायची हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. दुसऱ्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, बघा. तो ‘१९२.१६८.’ किंवा ‘१०.’ ने सुरू होत असेल, तर त्याच्या आणि इंटरनेटच्या मधे आणखी एक राउटर आहे असं धरून चाला. अशा वेळी दुसऱ्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता फक्त वायफाय पसरवेल. सगळं घर एकाच नेटवर्कवर येतं आणि निम्मी भानगड मिटते.

"राउटर खराब आहे" हेही बहुतेकदा खोटं. आता पहिल्या डब्याचा वॅन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर इंटरनेट कंपनी एकच पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवर दिसणारा पत्ता, अनेक ग्राहकांत वाटतेय. हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. तिथे तुम्ही कितीही राउटर बदला, बाहेरून आत येणारी वाट तुमच्या हातात नाही. कंपनीकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा न बदलणारा पब्लिक पत्ता, मागा, नाहीतर दुसरा मार्ग धरा. तो खाली दिलाय.

"फायरवॉल बंद करा" याची तर गरजच नाही. रिमोट डेस्कटॉप चालू केला की विंडोज स्वतःच फायरवॉलमध्ये त्याला परवानगी देतं. आधी त्याच राउटरवरच्या दुसऱ्या लॅपटॉपवरून जोडून बघा. तिथेच जमत नसेल तर राउटरच्या मागे लागू नका. विंडोज होम असेल तर ते रिमोट डेस्कटॉपने कुणाला आत घेतच नाही, त्यासाठी प्रो लागतं. मशीन स्लीपमध्ये गेलंय का, खात्याला पासवर्ड आहे का, हेही बघा. पिन टाकून चालत नाही. बाहेरची चाचणी मोबाइल डेटावरून घ्या, कारण घरच्या वायफायवरून आपलाच पब्लिक आयपी गाठणं अनेक राउटरना जमत नाही.

डीएमझेडबद्दल मात्र स्पष्टच सांगतो: लावू नका. त्याने मशीनचं एक नाही, सगळी दारं इंटरनेटवर उघडी पडतात. मे २०१९ मध्ये ब्लूकीप ही त्रुटी उघड झाली. तिच्यात जुन्या विंडोजवर रिमोट डेस्कटॉपमधून पासवर्डशिवाय घुसता येत होतं. मायक्रोसॉफ्टला तेव्हा एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली. उघडे पोर्ट शोधणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात, त्यामुळे ३३८९ बदलून दुसरा आकडा टाकला तरी फार काही वाचत नाही. उद्या हिशेबाच्या फाइल कुलूपबंद करून कुणी खंडणी मागितली, तर मेसेज पाठवणारा भरून देणार नाही.

दुसरा मार्ग म्हणजे व्हीपीएन, इंटरनेटवरून जाणारी आपल्याच मशीनमधली खाजगी वाट. टेलस्केलसारखी व्हीपीएनची सोय दुकानातल्या आणि बाहेरच्या, दोन्ही मशीनवर टाका. दोन्हीकडून जोडणी आतून बाहेर जाते, त्यामुळे मधे दोन राउटर असोत की कंपनीचा सामायिक आयपी, पोर्ट उघडावाच लागत नाही. आणि तो मेसेज वाचून ३३८९ आधीच उघडला असेल, तर आज दुकान बंद करण्याआधी दोन्ही राउटरमधला तो नियम काढा, डीएमझेड बंद करा आणि फायरवॉल पुन्हा चालू करा.