शनिवारचा कापूस

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात कापसाच्या वेचणीचा हिशेब माझी माय तोंडी ठेवते आणि रविवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी, प्रत्येक बाईच्या हातावर मजुरीचे नेमके पैसे टेकवते. या व्यवस्थेविरुद्ध कोणाचीही तक्रार नसताना ती संगणकावर आणण्याची बुद्धी मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी झाली, याला नागपुरात अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा कारणीभूत आहे. "मामाजी, पायथन शिकून घ्या, आठ दिवसांचं काम आहे," असे तो दिवाळीत म्हणाला होता.

पायथन ही संगणकाला कामे सांगण्याची भाषा. गीदो व्हान रॉसम या डच गृहस्थाने १९९१ साली ती लोकांपुढे आणली आणि तिला अजगराचे नव्हे, तर एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमाचे नाव दिले, असे कळते. पहिल्या पंधरवड्यात मला त्यातला विनोद काही सापडला नाही.

त्यातले चार दिवस तर निव्वळ मोकळ्या जागेत गेले. या भाषेत ओळ किती आत सरकली आहे यावरून ती कोणाच्या पोटातली हे ठरते, आणि त्यासाठी चार जागा सोडण्याचा प्रघात आहे. मी कुठे चार जागा सोडल्या, कुठे टॅबची कळ दाबली. माझ्या डोळ्यांना दोन्ही ओळी नांगराच्या एकाच तासात पेरल्यासारख्या दिसत होत्या, संगणकाला मात्र त्यांत धुऱ्याचा वाद दिसत होता. धुरा वीतभर सरकला की सख्खे भाऊ कोर्टात जातात हे आम्ही पाहिलेले आहे. पण त्यांच्यात निदान तलाठी मध्यस्थी करू शकतो.

अखेर माझा कार्यक्रम, म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या सूचनांची यादी, चालला. एका बाईने सकाळी १२ किलो आणि दुपारी १५ किलो कापूस वेचला होता. मी दोन्ही आकडे भरले, तेव्हा संगणकाने तिची बेरीज १२१५ किलो केली आणि किलोमागे दहा रुपयांप्रमाणे मजुरी काढायला सांगताच १२१५ हा आकडा दहा वेळा ओळीने छापून चाळीस अंकी रक्कम माझ्यापुढे ठेवली. माय चष्मा सावरून म्हणाली, "येवढ्यात तं अख्खं यवतमाळ इकत येते." भाच्याने फोनवरून खुलासा केला की, बाहेरून टाकलेले सगळे ही भाषा अक्षरे समजते; आकडा हवा असेल तर तसे बजावून सांगावे लागते. मी बजावले. गंमत म्हणजे त्यानंतर मी देवनागरीत टाकलेले आकडेही तिने बिनबोभाट स्वीकारले, पण तेच देवनागरी आकडे कार्यक्रमाच्या ओळीत लिहिले तर ती अंगावर येते.

खरी बोंडअळी पुढे निघाली. सोमवार ते शनिवार वेचणी असते, म्हणून मी 'एकपासून सहापर्यंत' मोजायला सांगितले. या भाषेच्या लेखी शेवटचा आकडा हा थांबण्याचा खुंटा असतो, मोजण्याचा नव्हे. ती पाचावरच थांबली. लाल अक्षरांत एकही तक्रार उमटली नाही. गुलाबी बोंडअळीचे असेच असते, बोंड वरून हिरवेगार आणि आतली सरकी पोखरलेली. संगणकाच्या कामातल्या चुकीलाही इंग्रजीत 'बग', म्हणजे किडाच, म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क दोन या संगणकाच्या रिलेमध्ये, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या कळीत, एक पतंग अडकलेला सापडला आणि तिथल्या मंडळींनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवून ठेवला. त्यांचा किडा निदान डोळ्यांना दिसला तरी! बोंडअळीच्या पतंगासाठी आम्ही शेतात कामगंध सापळे टांगतो. संगणकावर तसे काही टांगता येत नसल्याने मायलाच बोलवावे लागले. तिने पडद्यावरची एकूण रक्कम ऐकली, क्षणभर डोळे मिटले आणि विचारले, "शनिवारचा कापूस कोनं खाल्ला?"

सहाच्या जागी सात लिहिण्यास मला एक क्षण लागला. तो सहा कोणत्या ओळीत आहे हे शोधण्यात, रात्रीच्या भारनियमनासह, दोन आठवडे गेले. कार्यक्रम निर्दोष झाला त्या दिवशी फरदडसुद्धा वेचून झाली होती आणि गडी पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचत होते. तरीही मी सगळ्यांना बोलावून तो चालवून दाखवला. एकूण वजन शून्य किलो, एकूण मजुरी शून्य रुपये.

"बराबर हाय," माय म्हणाली, आणि जरा वेळाने तिने विचारले, "हरभऱ्याच्या सोंगणीचा हिशेब येते काय रे याले?"