सांगोल्याचा कित्ता मुळीच गिरवू नका

पुढची विधानसभा लढवण्याचा आपला विचार पक्का झाला असेल, तर चौकातल्या वाढदिवसाच्या फलकावर आपली छबी झळकण्यापूर्वी सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघाचा इतिहास एकदा वाचून घ्यावा. आमदाराने काय करू नये, याचा इतका सविस्तर नमुना दुसरीकडे सहसा सापडायचा नाही.

महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक 1962 साली झाली आणि तीत सांगोल्याने शेतकरी कामगार पक्षाच्या गणपतराव देशमुखांना निवडून दिले. त्यानंतर 1972 आणि 1995 हे दोन पराभव वगळता, मधली 1974 ची पोटनिवडणूक धरून, 2014 पर्यंत हे गृहस्थ एकूण अकरा वेळा निवडून आले. एवढ्या अवधीत एखाद्या व्यवहारी माणसाने निदान चार पक्षांची उपरणी गळ्यात घालून पाहिली असती आणि प्रत्येक वेळी ‘मतदारसंघाच्या विकासासाठी’ घातली असती. यांनी मात्र त्या एका लाल बावट्याखाली, बहुतेक काळ विरोधी बाकांवर बसून, आयुष्य काढले आणि मंत्रिपद घेतले तेही 1978 आणि 1999 असे दोनदाच. असा हट्ट आपल्याला परवडणारा नाही.

एसटीत आमदारांसाठी म्हणून जे आसन राखून ठेवलेले असते, त्यावर आपण कधी आमदार बसलेला पाहिला आहे काय? तिथे मांडीवर दप्तर घेतलेला शाळकरी मुलगा असतो, नाहीतर खिडकीच्या गजाला डोके टेकून पेंगणारी आजीबाई. गणपतराव त्या आसनावर खरोखर बसत. आपण असे केल्यास पोराला उभे राहावे लागेल, आजीबाईंची झोपमोड होईल आणि आपल्यामागून धावणाऱ्या दहा गाड्यांतील कार्यकर्त्यांचा रोजगार बुडेल तो वेगळाच. लोकप्रतिनिधीने इतके निष्ठुर होऊ नये.

पाण्याच्या बाबतीत तर विशेष सावध राहावे. सांगोला पर्जन्यछायेतला तालुका; माण नदी वर्षातला बराच काळ नुसते वाळूचे पात्र असते आणि डाळिंबाची बाग जगवायची तर शेतकऱ्याला थेंब न् थेंब मोजावा लागतो. अशा ठिकाणी टँकर हे साधन उत्तम, कारण टँकरवर आपले नाव आणि हसरे छायाचित्र लावता येते, शिवाय तो दर उन्हाळ्यात नव्याने पाठवता येतो. ते सोडून गणपतरावांनी नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासोबत आटपाडीला तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरवली आणि कृष्णेच्या पाण्याची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. कालव्यावर छायाचित्र चिकटत नाही, ही साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नसावी.

आता अनुकरणीय भागाकडे वळू. शहाजीबापू पाटील यांनी 1995 साली काँग्रेसतर्फे गणपतरावांना हरवले ते 192 मतांनी. पुढे 2019 मध्ये गणपतरावांनी निवडणूक न लढवता नातू अनिकेत यांना पुढे केले, तेव्हा शिवसेनेतर्फे शहाजीबापू पुन्हा निवडून आले ते 768 मतांनी. दोन्ही विजयांची बेरीज 960 होते. एवढी मते तर मोठ्या गावातल्या एका मतदान केंद्रावर मावतात, तेव्हा मताधिक्याची फार चिंता करू नये. चिंता करायचीच, तर दूरध्वनीवर काय बोलावे याची करावी. 2022 च्या जूनमध्ये गुवाहाटीच्या मुक्कामातून त्यांनी एका कार्यकर्त्याला तिथली झाडी, डोंगर आणि ‘हाटील’ यांचे जे रसाळ वर्णन ऐकवले, त्याने विधिमंडळातील पाच दशकांना जमले नव्हते ते साधले आणि सांगोल्याचे नाव घराघरांत पोचले. त्यावर टीका करणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की, पर्जन्यछायेतल्या आमदाराला झाडीचे अप्रूप वाटणे हा मतदारसंघाशी असलेल्या नाळेचाच पुरावा आहे.

2024 चा निकाल मात्र वाचू नये. वाचलाच तर चटकन विसरावा. महाविकास आघाडीने ही जागा ठाकरेंच्या शिवसेनेला दिल्यावर शेकाप स्वतःच्या बळावर उभा राहिला आणि त्याचे बाबासाहेब देशमुख 25 हजारांहून अधिक मतांनी जिंकले. हे गणपतरावांचे दुसरे नातू. म्हणजे एसटीतून फिरणाऱ्या, पक्ष न बदलणाऱ्या, कालव्यांच्या मागे लागलेल्या त्या माणसाच्या सबंध कारकिर्दीतून आपल्यासारख्या होतकरूने उचलण्याजोगे एवढेच उरते: आडनाव. तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी आपले आजोबा कोण होते ते नीट तपासून घ्यावे आणि ते नुसतेच शेतकरी निघाले, तर दत्तक जाण्याच्या कायदेशीर तरतुदींची चौकशी एखाद्या वकिलाकडे वेळेत करून ठेवावी.