कॅसिनोला परवाना आहे, वहिनींना अर्ज नाही

महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा होता असं सांगितलं की लोक आधी हसतात. पण होता. महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम, १९७६. आणीबाणी चालू होती, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि परवाना कसा द्यायचा, कर कसा घ्यायचा हे सगळं विधिमंडळानं रीतसर मंजूर केलं. राहिली फक्त एक गोष्ट, कायदा अमलात कधीपासून येणार त्याची अधिसूचना. ती ४७ वर्षं राहिली! या काळात काँग्रेसची सरकारं आली, शरद पवारांचं पुरोगामी लोकशाही दल म्हणजे पुलोद आलं, युती आली, आघाडी आली. कुणी अधिसूचना काढली नाही आणि कुणी कायदा रद्दही केला नाही. मग काही जण हायकोर्टात गेले की कायदा आहे तर लागू तरी करा. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं तो मोडीत काढायचं ठरवलं.

जुगाराच्या बाबतीत आपल्या सरकारांची सगळी रीत यात आली. उघड हो म्हणायची लाज वाटते, ठाम नाही म्हणायला जीव होत नाही.

राज्यघटनेनं हा विषय राज्यांकडे दिला आहे. राज्यसूचीतली नोंद ३४ म्हणजे सट्टा आणि जुगार, आणि त्यावर कर लावायचा अधिकार २०१६ पर्यंत नोंद ६२ मध्ये होता, पुढे तो जीएसटीत गेला. म्हणजे बंदी घालणारंही राज्य सरकारच आणि त्यातून कमावणारंही तेच. आपल्याकडे पत्त्यांच्या अड्ड्यावर धाड पडते ती १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानं. पेपरातली ती ठरावीक बातमी तुम्हीही वाचत असाल, ‘कलम १२ (अ) अन्वये गुन्हा, रोख रकमेसह मुद्देमाल जप्त’. त्याच राज्यात सरकारची स्वतःची लॉटरी १९६९ पासून आहे आणि महालक्ष्मीला घोड्यांवर रीतसर पैसे लागतात. घोड्यांच्या शर्यती म्हणजे कौशल्य, जुगार नव्हे, असं सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये सांगितलं आहे. असेल बुवा.

त्याच कोर्टानं १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यात जुगाराला व्यापारच मानायला नकार दिला होता. तो खटला मूळ आपल्या मुंबई राज्याचा, शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचा. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी निकालात थेट ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्ताचा दाखला दिला. जुगाराला व्यापाराचं मूलभूत स्वातंत्र्य लागूच होत नाही, असं कोर्ट म्हणालं. त्यामुळे परवाना हा कुणाचा हक्क उरत नाही, ती सरकारनं दिलेली सवलत ठरते. आता ज्याला सवलत देतोय त्याच्यावर अटी घालायचा सरकारला केवढा अधिकार पोचतो! पण अट घालतात ती बहुतेक वेळा एकच, पैसे भरा.

गोव्याचं बघा. त्यांचा जुगारबंदीचा कायदाही १९७६ चाच. १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनना परवानगी मिळाली, १९९६ मध्ये जहाजावर टेबलावरचे खेळ आले. जहाज म्हटल्यावर आपल्याला वाटतं लांब समुद्रात कुठे तरी. प्रत्यक्षात ती पणजीत, मांडवी नदीत, जुन्या सचिवालयासमोर उभी असतात, काठावरून हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. भाजप विरोधात असताना मनोहर पर्रीकरांनी याच जहाजांविरुद्ध आंदोलनं केली होती. सत्ता आल्यावर जहाजं तिथंच राहिली. मांडवीतून हलवायचा मुहूर्त सहा-सहा महिन्यांनी पुढे जात राहिला. परवान्याचं वार्षिक शुल्क मात्र वाढत गेलं, मोठ्या जहाजाला ४० कोटींपर्यंत.

संध्याकाळी त्या धक्क्यावर जाऊन उभं राहा. रांगेत कोल्हापूर, बेळगाव, पुणे, हुबळी सगळं भेटतं. लग्न ठरलेल्या मित्राला घेऊन आलेलं टोळकं असतं, नाही तर डीलर मीटच्या नावाखाली आलेले दुकानदार. खिडकीवर ओळखपत्र बघतात. वय २१ पूर्ण पाहिजे. जेवण, दारू आणि थोड्या चिपा धरून पॅकेज. मनगटाला पट्टा बांधतात, छोट्या बोटीत बसवतात आणि पाच मिनिटांत तुम्ही आत.

पण तुम्ही गोव्याचे असाल तर आत जाता येत नाही. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. आपल्या माणसांचे संसार बुडू नयेत म्हणून ही बंदी. काळजी रास्तच आहे. पण मग पेडण्याचा माणूस बुडू नये आणि सावंतवाडीचा बुडाला तर चालेल, असाच याचा अर्थ ना? दोन्ही गावं शेजारी-शेजारी, सोयरीकही होते. एकाला कायद्यानं वाचवायचं आणि दुसऱ्याचं पॅकेज फाडायचं. बरं, हे सगळं पाहायला जो गेमिंग कमिशनर नेमला, ते पद दिलं राज्याच्या कर आयुक्तांकडे. वसुली ज्याची, देखरेखही त्याचीच. ते अधिकारी चांगलेच असतील, पण वर्षअखेरीला त्यांना हिशोब विचारतात तो महसुलाचा. किती जण कर्जबाजारी होऊन घरी गेले हे त्यांना कोण विचारणार?

मला हा विषय डाचायला लागला तो कॅसिनोमुळे नाही, मोबाइलमुळे. आमच्या बिल्डिंगमधल्या एक वहिनी गेल्या वर्षी आल्या. नवरा चांगल्या नोकरीत. “भाऊजी, हे जरा बघा ना,” म्हणत बँकेचं स्टेटमेंट पुढे केलं. रात्री सव्वाअकराला पाच हजार. बाराला पाच हजार. मग दहा. दीडला परत दहा. मधेच साडेतीन हजार जमा, म्हणजे काही तरी जिंकला असणार, आणि लगेच पुन्हा दहा गेलेले. सगळे यूपीआय, सगळे एका रमीच्या ॲपला. पानंच्या पानं तशी. मला म्हणाल्या, “यांचं खातं बंद करा असा मला कुठे अर्ज करता येतो का?”

मी शोधलं. पोलीस म्हणाले, खेळणारा सज्ञान आहे, स्वतःचे पैसे आहेत, तक्रार कसली घेऊ? बँक म्हणाली, खातेदारानं लिहून द्यावं. ॲपवाल्यांच्या मदत केंद्राकडून छापील उत्तर आलं, जबाबदारीनं खेळा. थोडक्यात, असा अर्जच नाही.

त्या काळात सरकार मात्र त्या खेळात बसलेलं होतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाइन गेमिंगवर २८ टक्के जीएसटी होता, तोही जिंकण्यावर किंवा कंपनीच्या नफ्यावर नाही, खेळणाऱ्यानं भरलेल्या पूर्ण रकमेवर. कर धरूनच शंभर रुपये भरले तर त्यातले २१ रुपये ८८ पैसे कर. वहिनींच्या त्या दहा हजारांतले जवळपास बावीसशे. हरायच्या आधीच!

आता सिंगापूर. तिथं दोन कॅसिनो २०१० मध्ये सुरू झाले, पण त्यांचा नियंत्रण कायदा २००६ चा, आधीचा. परदेशी पर्यटकाला प्रवेशाचे पैसे नाहीत. सिंगापूरच्या नागरिकाला आणि कायम रहिवाशाला चोवीस तासांसाठी १५० सिंगापूर डॉलर मोजावे लागतात, पूर्वी १०० होते, २०१९ मध्ये वाढवले. म्हणजे दारात पहिला टोला आपल्याच माणसाला. स्वतःचं नाव स्वतः बंदीच्या यादीत घालता येतं. आणि मुख्य म्हणजे बायको, आईवडील, मुलं अर्ज करून घरातल्या माणसाला कॅसिनोबंदी करवून घेऊ शकतात. त्यासाठी वेगळी परिषद आहे. सिंगापूर काही साधुसंतांचा देश नाही, पर्यटकाच्या पैशावर त्यांचाही डोळा आहेच. पण वहिनी ज्या अर्जाबद्दल विचारत होत्या तो तिथं मिळतो.

कुणी म्हणेल, आता कशाला हे, ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैशाच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणलीच की. आणली. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. कौशल्य की नशीब हा वादच त्यांनी निकालात काढला, भारतीय संघाच्या जर्सीवरचं ड्रीम इलेव्हनसुद्धा गेलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. वहिनींच्या घरातलं ते ॲप खरंच बंद पडलं.

पण मटक्यावर या राज्यात कायम बंदीच आहे ना? न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर सुरू झालेला आकडा कल्याणजी भगत आणि रतन खत्रींनी घराघरात नेला तो बंदी असतानाच, आणि आजही टपरीवर चिठ्ठी फाटते. बंदीनं धंदा अंधारात जातो आणि तिथं हप्ता घेणारे असतात, अर्ज घेणारं कुणी नसतं. आता टेलिग्रामवर लिंक फिरतात, कंपनी कुठल्या देशातली ते खेळणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि मांडवीतली जहाजं? ती या कायद्यात येतच नाहीत. त्यांच्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के झाला, एवढंच.

माझं म्हणणं असं की परवाना द्या किंवा बंदी घाला, घरच्यांनी जाऊन उभं राहायची एक खिडकी आधी उघडा. त्या खिडकीवरचा माणूस महसूल खात्याचा नको. गोव्यानं ती महाराष्ट्र-कर्नाटकातल्या घरच्यांसाठीही उघडावी, कारण गिऱ्हाईक तिथलं आहे. परवान्यात ही एक ओळ घालायला सरकारला एक पैसा खर्च नाही.

आमच्या आमदारांना मी पत्र लिहिलंय, तुम्हीही लिहा. फक्त एवढंच विचारा, की ऑक्टोबर २०२३ ते ऑगस्ट २०२५ या काळात ऑनलाइन गेमिंगच्या जीएसटीतून महाराष्ट्राच्या वाट्याला किती रुपये आले, आणि त्यातले किती जुगाराचं व्यसन लागलेल्यांवर खर्च झाले. दोन आकडे. पटलावर ठेवायला सांगा.